छातीभर पाण्याचा निवाडा

माणूस म्हातारा झाला की त्याचे दात जातात, नजर जाते, गुडघे जातात आणि शेवटी नोकरीही जाते. राहते ते फक्त मत. तरुणपणी माणसाची ताकद चालण्यात, कमावण्यात, दाढी करण्यात वाटली गेलेली असते. म्हातारपणी ती सगळी एकट्या मताच्या मदतीला धावून येते. हे शास्त्र पेशव्यांच्या पुण्यात जितके खोलवर समजले गेले, तितके दुसऱ्या कुठल्या शहरात समजले गेल्याचे ऐकिवात नाही.

समजण्याचे कारण असे झाले. सरकारी चाकरीतून मोकळे झालेले वृद्ध रोज सकाळी फडाच्या, म्हणजे सरकारी दफ्तराच्या दारात येऊन बसत. नव्या कारकुनांना ते आत जाताना एक सल्ला देत आणि बाहेर येताना दुसरा. पहिला सल्ला पाळणाऱ्याचे कसे चुकले, हा दुसऱ्याचा विषय असे. त्यामुळे दफ्तराचे काम मंदावले. (ते आधीही मंदच होते, पण आता त्याला कारण मिळाले.) तेव्हा सरकारने असा थोर विचार केला की, ज्यांनी उभा जन्म राज्याची सेवा केली त्यांची सेवा आता राज्याने करावी, आणि शक्यतो दफ्तरापासून दूर करावी. राज्याचे कारखाने, म्हणजे खाती, तोवर अठरा होते. हत्तींचा एक, तोफांचा एक, सरबतांचासुद्धा एक. त्यांत हा एकोणिसावा घातला आणि त्याचे नाव ठेवले वृद्धखाना.

वृद्धखाना सदाशिव पेठेत, हौदापासून हाकेच्या अंतरावर होता. मधे चौक, चौकाभोवती खोल्या, खोल्यांपुढे ओटा. कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने हौदात येई, वारज्याहून भाजी येई, ठरल्या वारी वैद्य येई. ब्राह्मणांची पाकशाळा वेगळी आणि इतरांची वेगळी होती, त्यामुळे प्रत्येकाला न चाखताच दुसरीकडच्या जेवणाबद्दल बोलता येई. थोडक्यात, कमी काहीच नव्हते. आणि कमी काहीच नसले की माणसाजवळ भांडायला फार वेळ उरतो.

तिथल्या तंट्यांचा सरकारने बारकाईने अभ्यास केला होता. एकंदर तंट्यांपैकी तीन हिस्से तंटे समोरच्याचे बोलणे ऐकू न आल्यामुळे होत. उरलेला एक हिस्सा ते नीट ऐकू आल्यामुळे. जागेवरून होणारे तंटे उन्हाबरोबर पुढे सरकत आणि सावली पडली की मिटत. घोरण्यावरून होणारे तंटे दोन्ही पक्ष झोपले की मिटत. गेलेल्या काळाबद्दलचे तंटे मात्र मिटत नसत. ऊन जाते, झोप जाते, पण गेलेला काळ एकदा गेल्यावर पुन्हा कुठे जाणार?

हे तंटे मोडायला एक स्वतंत्र कारकून नेमायचे ठरले. अट एकच होती : माणूस निःपक्षपाती हवा. उमेदवार पुष्कळ आले. आपण इतरांपेक्षा जास्त निःपक्षपाती कसे, हे पटवून देताना त्यांची आपसात जुंपली आणि दोघांची पागोटी सुटली. एकटे अनंत विसाजी जोगळेकर तेवढे भिंतीला टेकून उभे होते. वृद्धखान्याचे मुख्य अंमलदार गद्रे यांनी त्यांना विचारले,

"यांच्यात खरा निःपक्षपाती कोण, असं आपलं मत?"

"आपण म्हणाल तो," जोगळेकर म्हणाले.

नेमणूक जागच्या जागी झाली.

यात जोगळेकरांची लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच मत नव्हते. घरात आई होती आणि पत्नी द्वारका होती. आई रोज भाताला आळणी म्हणे, द्वारका म्हणे मीठ बेताचं आहे. मग दोघी अनंताकडे पाहत, आणि अनंत ताटाकडे पाहून म्हणे, "भात आहे." असे म्हणत म्हणत त्यांनी पुष्कळ वर्षे शांततेत काढली होती. माणूस भला होता, म्हाताऱ्यांची हाक आली की धावत जाई, कुणाची काठी पडली तर उचलून देई. फक्त काठी कोणत्या बाजूला ठेवावी असे विचारले की गप्प बसे.

वृद्धखान्यात रुजू झाल्यावर त्यांच्यापुढे पहिलाच तंटा आला तो दत्तोबा काळभोर आणि चिंतोपंत वझे यांचा. दत्तोबा हा लोणीकडचा जुना शिलेदार, म्हणजे पदरचा घोडा घेऊन लढलेला गडी. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. चिंतोपंत फडावरचे कारकून, बसक्या बांध्याचे, अक्षर मोत्यासारखे आणि बोलणे सुईसारखे. दोघे कर्नाटकच्या एकाच स्वारीत होते; एक घोड्यावर, एक दौतीवर. आता दोघांच्या खोल्या शेजारी होत्या आणि ओट्यावरच्या जागा लागून. रोज सकाळी ऊन ओट्यावर आले की दत्तोबा घोंगडी पसरून, कुणी ऐकत असो वा नसो, मलप्रभा नदी ओलांडू लागे.

"पानी हितपत्तुर हुतं," तो छातीवर पंजा ठेवून सांगे. "घोडं पवत हुतं. भाला डोईवर धरला नि म्या तसाच घुसलो."

"गुडघाभर," चिंतोपंत मान वर न करता म्हणत.

"कोन म्हनतं?"

"मी म्हणतो. त्या मुक्कामाचं पत्र माझ्या हातचं आहे. नदीस उतार मिळाला, पाणी गुडघाभर, लष्कर सुखरूप पार."

"तुमी कुटं हुता तवा?"

"तंबूत. पत्र लिहीत होतो."

"मंग तुमास्नी काय ठावं पानी किती हुतं!"

"सरकारला कळवलं तितकं होतं."

"आन् म्या भिजलो कशानं?"

"ते आपण घोड्याला विचारा."

एवढे झाले की दत्तोबाच्या मानेच्या शिरा फुगत, चिंतोपंतांच्या गालांवर लाली येई आणि ओट्यावरच्या बाकी मंडळींची पाठ ताठ होई. मग जेवणाची हाक आली की दत्तोबा एक भाकरी जास्त मागे आणि चिंतोपंत दुसऱ्यांदा भात घेत. या गोष्टीची कुणी दखल घेतली नाही, कारण तंटे जोगळेकरांच्या खात्यात होते आणि भाकरी पाकशाळेच्या.

हे असेच चालू राहिले असते. पण एका सकाळी हुजुरातून, म्हणजे थेट वरून, एक बडे गृहस्थ वृद्धखान्याच्या पाहणीला आले. त्यांची पावले चौकात पडायला आणि दत्तोबाने पुरावा सादर करायला एकच गाठ पडली. त्याने पाण्याची घागर उचलून चिंतोपंतांच्या गुडघ्यांवर ओतली होती आणि तो विचारत होता, "ह्ये झालं गुडघाभर! आता सांगा, पागुटं भिजलं का? न्हाई ना? माजं भिजलं हुतं!" चिंतोपंतांनी प्रत्युत्तरादाखल आपला तांब्या दत्तोबाच्या छातीच्या रोखाने रिकामा केला. चिंतोपंतांचा नेम कधीच चांगला नव्हता. पाहुण्यांची शालजोडी भिजली.

पाहुणे काही बोलले नाहीत. बडी माणसे बोलत नाहीत, हुकूम पाठवतात. हुकूम आला : संक्रांतीच्या आत वृद्धखान्यातले यच्चयावत तंटे मोडावेत, नाहीतर कारकून मोडावा.

जोगळेकरांनी कामाला हात घातला. दोन्ही पक्षांची जबानी झाली. साक्षीला सरूबाईला बोलावले. सरूबाई ही जुनी सरकारी सुईण, त्याच रांगेत राहणारी. शहरातले निम्मे कारकून आपल्याच हातात पहिल्यांदा रडले, असे ती सांगे, आणि त्यांची आत्ताची कामे पाहता ते तेव्हा रडायचे थांबायला नको होते, असेही सांगे. तिला विचारले, नदीला पाणी किती होते?

"मला काय इचारता? म्या हितं पुन्यात बाळातपनं करत हुते."

"मग साक्ष कशाची देणार?"

"बलावलं म्हून आले. रोज तेच भांडान ऐकून कटाळा आला बगा. काल तर मदीच थांबलं, मला पुढलं ऐकायचं हुतं."

साक्ष परस्परविरोधी असल्यामुळे ग्राह्य धरण्यात आली. (त्या काळी न्याय झटपट होई तो असा.) मग जोगळेकरांनी बरेच कागद वाया घालवून निवाडा लिहिला. त्याची भाषा अशी : "दत्तोबाचे म्हणणे छातीभर, चिंतोपंताचे म्हणणे गुडघाभर, ऐसियास दोहोंचा मध्य काढिता पाणी कमरेइतके ठरते. सबब सदरहू नदी सदरहू दिवशी कमरेइतकी वाहिली ऐसे समजावे. पुढे उभयतांनी या पाण्याविषयी चकार शब्द काढू नये."

यावर गद्र्यांनी एकच शंका काढली. कंबर कुणाची? दत्तोबाची कंबर चिंतोपंतांच्या छातीला लागत होती. जोगळेकर खाली मान घालून म्हणाले, "माझी धरावी." आयुष्यात प्रथमच त्यांनी एखाद्या प्रकरणात आपले काही घातले होते. सुतळीने कंबर मोजली, माप निवाड्याला जोडले. नदीला कळवण्याची मात्र काही तजवीज नव्हती.

दोघांनी राजीनाम्यावर निशाण्या केल्या. (त्या काळी राजीनामा म्हणजे आपण राजी आहोत असा कागद. तो नोकरी सोडताना देण्याची प्रथा लोक राजी व्हायचे थांबल्यावर पडली.) दत्तोबाने अंगठा उठवला आणि विचारले, "आता उद्याच्याला सकाळी म्या काय सांगू?"

"दुसरं काहीही सांगा की," जोगळेकर म्हणाले.

दत्तोबाने बराच वेळ विचार केला. "दुसरं काय न्हाई," तो म्हणाला आणि गेला.

या निवाड्याने जोगळेकरांचा हात असा बसला की बाकीचे तंटे त्यांनी भराभर निकालात काढले. सरूबाईला दात नव्हते म्हणून ती विडा खलबत्त्यात कुटून खाई. त्या आवाजावरून तिचे सगळ्या रांगेशी वाकडे होते. खलबत्त्याला आतून बाहेरून चिंध्या गुंडाळण्यात आल्या. ओट्यावरचे ऊन खडूच्या रेघांनी वाटून दिले आणि ढगाळ दिवशी सावलीही त्याच प्रमाणात वाटली जाईल असे ठरवले. घोरण्याच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी नसे त्याने जागे राहायचे.

संक्रांत आली तेव्हा वृद्धखान्यात एकही तंटा उरला नव्हता. तिळगूळ वाटला, पण गोड बोला असे कुणी कुणाला म्हटले नाही, कारण आता कुणीच बोलत नव्हते. चौकात इतकी शांतता झाली की हौदात पडणारे पाणी ऐकू येऊ लागले. दुसऱ्या पेठांतून लोक ही शांतता पाहायला आले, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे आदराने पाहून हळूच परतले, आणि घरी गेल्यावर आपल्या म्हाताऱ्यांना तिकडे धाडता येईल का याची चौकशी करू लागले. हुजुरातून जोगळेकरांना शेला-पागोटे मिळाले. गद्र्यांनी त्यांची पाठ थोपटली. असा आदर्श कारभार त्याआधी झाला नव्हता, आणि मरणाऱ्या माणसांनी तो इतक्या शिस्तीने सोसल्याचेही उदाहरण नव्हते.

कारण पाकशाळेतून भाकरी परत येऊ लागल्या होत्या. प्रथम अर्धी अर्धी, मग अख्ख्या. सरूबाईने विडा सोडला. विचारले तर म्हणाली, "आवाज न्हाई तर चव कशी लागंल?" चिंतोपंत सकाळी आपल्या रेघेत येऊन बसत, समोरच्या भिंतीवर ऊन चढताना पाहत आणि उठून जात. दत्तोबाने तर ओट्यावर येणेच सोडले. तो खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राही. वैद्यांनी त्याची नाडी बराच वेळ धरली.

"काय आहे?" जोगळेकरांनी विचारले.

"रोग नाही. नाडी चालते आहे," वैद्य म्हणाले, "पण तिला कुठं जायचं नाही."

त्यांनी काढा दिला. दत्तोबाने तो मुकाट्याने घेतला, आणि तेव्हा जोगळेकर खरे घाबरले. आजवर दत्तोबाने कुठलाही काढा वैद्याच्या सात पिढ्या काढल्याशिवाय घेतला नव्हता.

दुपारी चिंतोपंत जोगळेकरांच्या बैठकीवर आले. उपरणे नीट केले, बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

"दत्तोबांच्या समाचाराला जावं म्हणतो. परवानगी असावी."

"परवानगी कसली, पंत? जा की."

"जाऊन काय बोलू?"

"हवापाणी विचारावं."

"पाण्याला मनाई आहे."

"मग... हवा विचारा."

चिंतोपंत गेले. थोड्याच वेळाने परत आले.

"काय म्हणाले?"

"हवा बरी आहे म्हणाले." चिंतोपंत उंबऱ्याशीच घुटमळले. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "जोगळेकर, मला एकदा गुडघाभर म्हणू द्यावं. एकदाच. हळू म्हणेन."

"निवाडा हुजुरात गेलाय, पंत. माझ्या हातात काय आहे आता?"

"आपल्या हातात नाही हे खरंच," चिंतोपंत म्हणाले. "आपल्या कमरेत आहे." पण या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. म्हातारा पाठ फिरवून गेला आणि जाताना त्याने डोळ्यांना उपरणे लावलेले जोगळेकरांना दिसले.

त्या दिवशी जोगळेकरांना घास गिळेना. आई म्हणाली भात आळणी आहे. द्वारका म्हणाली मीठ बेताचं आहे. आई म्हणाली, तुमच्या माहेरी मीठ महाग असेल. द्वारका म्हणाली, महाग नव्हतं, पण तिथं जिभा शाबूत होत्या. आणि हे बोलता बोलता दोघींनी पहिला भात संपवून दुसरा वाढून घेतला. जोगळेकर हातातला घास तसाच धरून पाहत राहिले. दोघींच्या चेहऱ्यांवर तेज होते. घरात वाळलेले असे एकटे तेच होते.

दुसऱ्या सकाळी ते थेट दत्तोबाच्या खोलीत गेले आणि खाली बसले.

"दत्तोबा."

भिंतीकडचे तोंड हलले नाही.

"मी फेरविचार केला. कमरेइतकं म्हटलं ते माझं चुकलंच."

घोंगडी जराशी हलली.

"कमरेइतकं पाणी असणं शक्य नाही," जोगळेकरांनी घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका बाजूला जाऊन उभे राहत होते. "पाणी घोटाभर असावं."

 घोंगडीतून आवाज आला, "काय म्हनला?"

"घोटाभर. मलप्रभा म्हणजे काय, ओढाच तो. बायका धुणी धुतात तसला. तुम्ही पागोटं भिजल्याचं सांगता, तर वाकून तोंड धुताना भिजलं असेल."

दत्तोबा उठून बसला. कित्येक दिवसांत त्याला कुणी बसलेले पाहिले नव्हते. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, पण त्या डोळ्यांत कुणीतरी दिवा लावल्यासारखे झाले होते.

"घोटाभर? आरं, मलप्रभा हाय ती! माजं घोडं पवत हुतं! घोटाभर पान्यात घोडं पवतं व्हय? कवा नदी बगितलीस का तू? हौदाच्या फुडं गेलाईस का कदी?"

"पोहत नसेल, लोळत असेल," जोगळेकर म्हणाले, आणि हे आपल्याला सुचले कसे याचे त्यांनाच नवल वाटले.

तोच दारातून दुसरा आवाज आला. "घोटाभर?" चिंतोपंत तांबडेलाल होऊन उंबऱ्यात उभे होते. "जोगळेकर, शुद्धीवर आहात का आपण? सरकारी पत्रात माझ्या अक्षरात गुडघाभर लिहिलंय. घोटाभर पाण्यासाठी लष्कर उतार शोधतं का? या माणसाची सगळी मर्दुमकी आपण घोट्यावर आणून ठेवता? लाज वाटली पाहिजे!"

"बगा! पंत सांगत्यात! हे हुते स्वारीत! ह्या कालच्या कारकुनाला काय कळतंय!"

"अगदी बरोबर. गुडघाभर होतं."

"छातीभर!"

"गुडघाभर, दत्तोबा."

"छातीभर! आन् तुमी तंबूत हुता! आरं, भाकर आना रं कुनीतरी! ह्यास्नी समजावायचं तर पोटात काय पायजे का नगं?"

भाकरी आली. दोन आल्या. इकडे जोगळेकर घोट्याची बाजू सोडायला तयार नव्हते. त्यांचे कान तापले होते, आवाज चढला होता, आणि बोलता बोलता त्यांना खरोखरच वाटू लागले होते की पाणी घोटाभर असणार. चौकात एकेक दार उघडले. कुणी मांडीचा पक्ष घेतला, कुणी गळ्याचा. एकाने नदी दुसरीच होती असे म्हटले आणि सगळ्यांचाच राग ओढवून घेतला. सरूबाईने खलबत्त्याच्या चिंध्या ओरबाडून काढल्या आणि कुटायला सुरुवात केली, ती सगळ्या पेठेला ऐकू गेली. खडूच्या रेघा इतक्या पायांखाली आल्या की ऊन पुन्हा कुणाचेच राहिले नाही.

त्या दिवशी घरी पहिला घास घेऊन जोगळेकर म्हणाले, "आळणी आहे."

आईने हात जोडले. द्वारकेने पळी खाली ठेवली. "बेताचं आहे," ती म्हणाली. "आळणी," जोगळेकर म्हणाले. "आपल्याला आजवर कळत नव्हतं वाटतं?" "कळत होतं. बोलत नव्हतो." द्वारकेने नवऱ्याकडे नीट पाहिले, लग्नानंतर पहिल्यांदाच पाहावे तसे, आणि मीठ आणून ताटात जरा जास्तच घातले. भात खारट झाला. त्यावरून आणखी बराच वेळ बोलता आले.

आता सरकारपुढे पेच पडला. न्याय देणाराच पक्षकार झाला होता. नोकरी जाण्याची वेळ आली. गद्र्यांनी जोगळेकरांना समोर उभे केले.

"आपण घोटाभर म्हणालात?"

"म्हणालो."

"ते मागं घ्यावं. निवाडा कायम होईल, शेला राहील, नोकरी राहील."

पूर्वीचे जोगळेकर असते तर म्हणाले असते, आपण म्हणाल तसं. या जोगळेकरांनी द्वारकेचा विचार केला, नोकरीचा केला, दत्तोबाच्या दोन भाकरींचा केला. "मागं घेणार नाही," ते म्हणाले. "घोटाभरच होतं."

"वेडे आहात काय?" गद्रे गरजले. "कर्नाटकातली नदी, आणि घोटाभर? अहो, काही नाही तरी मांडीइतकं..."

आणि ते थांबले. लिहून घेणाऱ्याने ते लिहून घेतले होते. गद्रेही पक्षकार झाले.

प्रकरण वर गेले. वरच्या अंमलदाराने गद्र्यांची मांडी हास्यास्पद ठरवली आणि स्वतःचा खांदा सुचवला. त्याच्या वरच्याने दोघांनाही मूर्ख म्हणून लिहिले, पण कारण देताना त्याचाही आकडा बाहेर पडला. कागद जितका वर चढत गेला तितके पाणीही चढत गेले. (वरच्या अंमलदारांना खालचे पाणी नेहमीच खोल वाटते.) शेवटी ज्याला मत नाही असा एकही माणूस दफ्तरात उरला नाही, तेव्हा हुकूम निघाला की पुढच्या स्वारीत कुणीतरी नदी मोजून यावी आणि तोवर सर्वांनी आपापल्या पाण्यात राहावे. स्वारी निघाली ती नेमकी भर उन्हाळ्यात. नदी कोरडी होती असे कळवण्यात आले, आणि वृद्धखान्यात तो एक नवा पक्ष तयार झाला.

जोगळेकरांची नोकरी वाचली. फक्त हुद्दा बदलला. तंटे मोडण्याऐवजी तंटे सांभाळण्याचे काम त्यांना दिले. एखादा म्हातारा जेवेना झाला की ते जाऊन शेजारी बसत आणि त्याला न पटेल असे काहीतरी बोलत. हे सोपे काम नव्हे. त्यासाठी माणसाला काय प्रिय आहे हे आधी नीट समजून घ्यावे लागते. या कामात त्यांनी अनेकांचे जीव वाचवले आणि पुष्कळ शिव्या खाल्ल्या.

दत्तोबा त्यानंतर बरीच वर्षे जगला. आश्विनातल्या एका सकाळी त्याने नदी ओलांडली, चिंतोपंतांशी भांडला, पोटभर जेवला, भिंतीला टेकून म्हणाला, "छातीभर," आणि तसाच राहिला. चिंतोपंतांनी सवयीने "गुडघाभर" म्हटले. उत्तर येईना म्हणून त्यांनी वर पाहिले.

पुढे काही दिवस चिंतोपंत ओट्यावर आले नाहीत. मग एका सकाळी आले, आपल्या जागी बसले. शेजारची जागा रिकामी होती. जोगळेकरांना वाईट वाटले. म्हाताऱ्याला निदान आता तरी जिंकू द्यावे म्हणून ते जवळ जाऊन हळूच म्हणाले, "पंत, मला वाटतं गुडघाभरच असावं पाणी."

"छातीभर," चिंतोपंत म्हणाले.

"पण आपलं पत्र?"

"पत्र मी तंबूत बसून लिहिलं. तो पाण्यात होता."

 जोगळेकरांनी घसा साफ केला. "घोटाभर," ते म्हणाले.

"आपल्याला काय कळतंय त्यातलं!" चिंतोपंत कडाडले. त्यांच्या गालांवर लाली आली, आणि त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

वृद्धखाना आता राहिलेला नाही आणि त्याची गरजही राहिलेली नाही. आजची माणसे शिकलेली आहेत, समंजस आहेत. कुण्या काळच्या कुठल्याशा नदीला पाणी किती होते, असल्या फालतू गोष्टीवर ती डोके तापवत नाहीत. हे वाचणारे आपणही त्यांतलेच. तरीसुद्धा त्या पाण्याबद्दल एव्हाना आपले काहीएक मत झालेच असेल.

ते चुकीचे आहे.